पाणथरीची जागा

मंगळवारी सकाळी पावणेदहाला डॉक्टर झोर्नित्सा देल्चेवाच्या लक्षात आलं, की एका माणसाच्या पोटात जे नाहीच, ते आहे म्हणून आपण लिहून दिलंय. तीन आठवडे झाले त्याला. खाली सही, शिक्का, सगळं. ती तेव्हा काही शोधत वगैरे नव्हती. स्पास कोलारोव, वय त्रेसष्ट, रुसेच्या बंदरावर क्रेन चालवून रिटायर झालेला माणूस, लिव्हरच्या उजव्या भागात चार सेंटिमीटरची गाठ, आणि गुरुवारी सर्जन तोन्चेव तो अख्खा उजवा भाग काढणार. उरलेलं लिव्हर त्या माणसाला पुरेल का, याचं माप त्याला हवं होतं. म्हणून ती सीटीची एकेक चकती पुढे सरकवत लिव्हरची कड माऊसनं गिरवत बसली होती. असलं काम खरं तर ज्युनियरला देतात. पण तिला ते आवडायचं. आई भूगोल शिकवायची, आणि लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत झोर्नित्साला नकाशे गिरवायला बसवायची, ट्रेसिंग पेपरवर डॅन्यूबचा काठ, जीभ दातात धरून. नदी गिरवताना हात उचलायचा नाही, आई म्हणायची, उचललास की गाव बुडतं. तर ती तशीच हात न उचलता गिरवत होती, आणि गिरवता गिरवता लिव्हरचं डावं टोक पोटाच्या पार डाव्या अंगाला गेलं. रेष कुठे वळवायची हे बघायला तिनं पलीकडे बघितलं. पलीकडे पाणथरी, म्हणजे प्लीहा, असते. मुठीएवढी, बरगड्यांच्या आत, रक्तातल्या म्हाताऱ्या पेशी गाळत गप बसलेली. तिथे आतड्याचं एक वळण होतं, आणि हरभऱ्याएवढे चार-पाच गोळे. पाणथरी नव्हती. तिनं वर बघितलं, खाली बघितलं, दुसऱ्या फेरीतल्या चकत्या काढल्या. मग रिपोर्ट उघडला. ‘पाणथरी: आकार नेहमीचा, विशेष काही नाही.’ वाक्य तिचंच होतं. म्हणजे, तिच्या बटणाचं होतं.

एक बटण दाबलं की अकरा वाक्यं आपोआप पडायची. मूत्रपिंडं ठीक, स्वादुपिंड ठीक, पाणथरी ठीक. मग ज्याचं जे बिघडलंय तेवढं वाक्य बदलायचं. सगळेच असं करतात, त्यात काही पाप नाही, दिवसाला चाळीस पोटं असतात. पण बाकीचे किमान बघून तरी ठेवतात. तिनं बघितलंच नव्हतं. आणि हे कळल्यावर जे झालं ते तिला अपेक्षित नव्हतं: नाकात उकडलेल्या गाजराचा वास आला. खोलीत गाजर कुठून येणार. खोलीत कॉम्प्युटरचे दोन पडदे, एक हीटर, आणि टेक्निशियन पेपानं खिडकीत ठेवलेलं एक वाळकं झाड. तरी वास आला, गोडसर, उबट, आणि झोर्नित्सानं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. ती बटणाची वाक्यं तिनं सहा वर्षांपूर्वी तयार केली होती. आई गेली त्या हिवाळ्यात. आईचा स्कॅन तिनं स्वतःच वाचला होता, याच खुर्चीत, शनिवारी, विभागात कुणी नसताना. स्वादुपिंडाची शेपटी जिथे पाणथरीला टेकते, नेमक्या त्या कोपऱ्यात कॅन्सर होता, राखाडीत राखाडी, नवख्याला दिसलंही नसतं. तिला दिसलं. आणि घरी जाऊन ती आईला म्हणाली, पित्ताचे खडे आहेत गं. मामा, मावशी, सगळ्यांचं ठरलं होतं, सांगायचं नाही. ठरवावं लागतच नाही म्हणा, तसंच असतं. खडे म्हटल्यावर मग खड्यांचं पथ्य आलं. आईला तळलेल्या मिरच्या आवडायच्या, लाल, लांब, लसूण आणि व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या, त्यावर दही. ते बंद. पाच महिने आईनं उकडलेलं गाजर आणि भात खाल्ला. खोट्या आजाराचं खरं पथ्य. एकदा हे खडे गेले ना, ती म्हणायची, की मी मिरच्यांची अख्खी परात खाणार आहे, तू मध्ये येऊ नको. आणि झोर्नित्सा म्हणायची, खा.

तेव्हापासून तिची नजर त्या कोपऱ्यात जात नव्हती. हे तिला आज कळलं. सहा वर्षं, हजारो पोटं. नजर लिव्हरवरून यायची, जठरावरून घसरायची आणि मूत्रपिंडाकडे उतरायची, डावा वरचा कोपरा चुकवून, जसं काही लोक एखादी गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं घरी जातात. आणि त्या कोपऱ्यात काही नाही असं एक वाक्य तिनं बटणाला शिकवून ठेवलं होतं. तिनं उठून खिडकी उघडली. बाहेर मार्च होता, ऊन आणि भुरभुर बर्फ एकदम, नदीकडून सीगल ओरडत होते. समोरच्या बिल्डिंगच्या दारावर कुणाच्या तरी निधनाचा कागद चिकटवलेला, फोटोतली बाई हसत होती. मग ती परत बसली आणि डॉक्टरसारखा विचार करायला लागली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. पाणथरी नाही, म्हणजे कधी तरी काढलेली. काढलेली, म्हणजे बहुतेक फुटलेली. आणि फुटलेल्या पाणथरीचे कण पोटात पडतात आणि मरत नाहीत. जिथे पडले तिथे रुजतात. आसपासच्या नसा त्यांना रक्त देतात, ते हळूहळू गोळे होऊन बसतात, वर्षानुवर्षं, कुणाला काही त्रास न देता. क्वचित एखादा लिव्हरमध्येही. आणि असा गोळा स्कॅनमध्ये हुबेहूब कॅन्सरसारखा वागतो. शिरेतून औषध सोडलं की आधी झळकतो, मग बाकीच्या लिव्हरच्या आधी विझतो. वार्नाच्या एका परिषदेत तिनं असा एक फोटो बघितला होता, जेवणाच्या आधीच्या भाषणात, अर्धी माणसं उठून गेलेली. स्पास कोलारोवला कित्येक वर्षांपासून हिपॅटायटिस बी होता. असल्या लिव्हरमध्ये काही झळकून विझलं की तो कॅन्सर, सुई टोचून तुकडासुद्धा घ्यायचा नाही, असा नियमच आहे. नियम चांगला आहे. शंभरातल्या पंच्याण्णवांना तो वाचवतो.

“ती लहरी मार्चम्हातारी अंगात आली का गं तुझ्या?” तोन्चेव फोनवर म्हणाला. तो तिच्याच बॅचचा, जाडा, ऑपरेशनच्या आधी चीज भरलेली खुसखुशीत बानित्सा खाणारा. “गाठ झळकते?”

“झळकते.”

“मग विझते?”

“विझते.”

“मग आता काय, कुंडली मांडायची?”

“त्याला पाणथरी नाहीये.”

“तूच लिहिलंयस आहे म्हणून.”

“हो. चुकलंय ते. मी बघितली नव्हती.”

कपात चमचा फिरल्याचा आवाज आला, मग थांबला. “पोटावर व्रण आहे त्याच्या,” तो म्हणाला, आवाज जरा उतरवून. “डावीकडे, बरगडीखाली. मी विचारलं होतं. लहानपणी कुंपणावर पडलो म्हणाला, कातडी फाटली. फॉर्मवरही ऑपरेशन नाही असंच आहे.” आणि मग, “हे बघ, झोर्ने, मला गोष्ट नको, फोटो पाहिजे. उद्या संध्याकाळपर्यंत आण. नाहीतर गुरुवारी साडेसातला मी उघडणार. आणि खरंच कॅन्सर निघाला, आणि तुझ्या पाणथरीपायी आपण महिना घालवला, तर त्या मुलीला तोंड तू दाखवायचंस.”

त्या मुलीला म्हणजे व्हिओलेताला. स्पासची एकुलती एक, अडतीस वर्षांची, बाजारपेठेत केस कापायचं दुकान. ती वॉर्डबाहेर कॉफीच्या मशीनपाशी बाकावर बसलेली असायची, फाइल छातीशी धरून, दाराकडे तोंड करून, पहारेकऱ्यासारखी. फाइलवर विभागाचं नाव छापलेलं होतं आणि त्यातल्या नेमक्या एका शब्दावर तिनं आपल्या लेकीच्या वहीचं स्टिकर चिकटवलं होतं. हसरं हिरवं कासव. झोर्नित्सा जवळ गेली तशी ती उठली आणि आधी दार नीट लागलंय का बघून आली. “बाबाला पाण्याची गाठ सांगितलीय,” ती कुजबुजली. “तुम्हीही पाण्याचीच म्हणा हं डॉक्टर. पाण्याची, छोटी, काढली की मोकळं.”

“त्यांचं आधी कधी ऑपरेशन झालंय का?”

“छे. फॉर्मवर लिहिलंय ना मी.”

“तुम्ही लिहिलंय?”

“मीच लिहिते सगळं. त्याच्या हातात कागद गेला की तो वाचतो.”

“पण त्यांना विचारून लिहिलंत ना?”

“त्याला काय विचारायचं?” व्हिओलेताला प्रश्नच समजला नाही. “माझा बाप आहे तो.”

झोर्नित्सा तिच्याकडे बघत राहिली. नखांच्या कडेला केसांच्या रंगाचे तांबूस डाग, डोळ्यांखाली पावडर जाड लावलेली. हिला रागवावं असं काही नव्हतं. हिनं फॉर्मवर तेच केलं होतं जे आपण रिपोर्टात केलं. माहीत आहे असं समजून लिहिलं. आणि दोघींनी ते मायेपोटी केलं होतं, असं क्षणभर तिला वाटलं, मग वाटलं नाही, आपलं मायेपोटी नव्हतं, आपलं भीतीपोटी होतं. पण हिचं तरी मायेपोटी कशावरून? वेगळं काढता येतं का ते? आईला खडे आहेत म्हणून सांगितलं तेव्हा आईला वाचवत होतो, की आईच्या तोंडाकडे बघत बसायच्या त्या एका मिनिटातून स्वतःला? तळघरात जुना गॅमा कॅमेरा होता, त्यावर पाणथरी शोधायची एक तपासणी होऊ शकत होती, आणि त्याचं औषध सोफियाहून दर बुधवारी यायचं. पण तिथला म्हातारा डॉक्टर नियमाचा पक्का. पाणथरी काढल्याचं पेशंटनं स्वतः सांगितलंय असं लिहून आणा, नाहीतर मी कुणाचं रक्त घेणार नाही, असं त्यानं फोनवर दोनदा सांगितलं. म्हणजे त्या माणसाशी बोलावंच लागणार होतं. एकट्याशी. झोर्नित्सा व्हिओलेताला म्हणाली, सोनोग्राफी परत करायचीय, दहा मिनिटं. आणि हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

“या स्पासकाका, बनियन वर करा,” पेपा म्हणाली. “लाजताय काय नवऱ्या मुलासारखे? मी काय पहिल्यांदा पोट बघतेय?”

“दाखवण्यासारखं होतं तेव्हा कुणी बघायला मागितलं नाही,” स्पास म्हणाला, “आणि आता रोज मागतात.” उंच माणूस, हाडं मोठी, टेबलावरून पाय बाहेर येत होते. मनगटावर लाल-पांढरा दोरा, मार्चमध्ये आरोग्यासाठी बांधतात तो, नातीनं बांधलेला. पेपानं दिवे घालवले आणि झोर्नित्सानं मानेनं सांगितलं तशी ती बाहेर गेली. आता फक्त मशीनचा निळसर उजेड. पोटावर गार जेली पडली तसा तो हसला. झोर्नित्सानं मशीनकडे न बघता व्रणाकडे बघितलं. बोटानं शोधावा लागत नव्हता. सरळ, पट्टीनं आखल्यासारखा, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके, पन्नास वर्षांत पोटाबरोबर ताणून रुंद झालेला. कुंपणाची तार असं सरळ फाडत नाही. “हे कशानं?” तिनं विचारलं.

“हे?” आणि त्याचा आवाज एकदम रंगात आला. “अहो, ही तर आमच्या घरातली प्रसिद्ध गोष्ट आहे. अकरा वर्षांचा होतो. शेजाऱ्याच्या तुतीवर चढलो, फांदी मोडली, खाली कुंपण. धुणं वाळत घालतात ना, तसा लटकलो. शेजारीण बाहेर आली तर म्हणते, अगं बाई, ही कुणाची चड्डी!” तो थांबला, हसायला जागा ठेवून. झोर्नित्साला कळलं की ही गोष्ट शेकडो वेळा सांगून झालीय. लग्नात, वाढदिवसाला, ग्लास हातात घेऊन. नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झालीय, हाताला कुठे लागत नाही. यापुढे काय विचारायचं ते तिला सुचेना. तिच्याकडे प्रश्न होते, पण ते सगळे डॉक्टरांचे होते, आणि डॉक्टरांच्या प्रश्नांना हा माणूस पन्नास वर्षं सराईतपणे उत्तरं देत आला होता. मशीनचा पंखा घरघरत होता. तिला वाटलं, आईनंही असंच केलं असेल का? मी खडे म्हणाले आणि ती खडे म्हणाली, आणि तिच्याकडेही अशीच एखादी गुळगुळीत गोष्ट तयार होती, मिरच्यांच्या परातीची? मरायच्या आधीच्या महिन्यात आईनं हिवाळ्यासाठी भरलेल्या लोणच्याच्या बरण्या शेजाऱ्यांना वाटून टाकल्या होत्या. जागा होते गं घरात, म्हणाली होती.

“स्पासकाका,” ती म्हणाली, “मी तुमच्या रिपोर्टात खोटं लिहिलंय.”

त्यानं मान वळवली.

“तुम्हाला पाणथरी आहे असं लिहिलंय. मी बघितलंच नव्हतं. कामाचा भार म्हणून नाही. मला त्या जागेकडे बघवत नाही, माझं काही कारण आहे. आज बघितलं. तुमची पाणथरी नाहीये.”

त्यानं नजर छताकडे वळवली. पोट वरखाली होत होतं, त्यावर जेली चमकत होती. मग त्यानं विचारलं, “पेन्शन कापतील का हो?”

“काय?”

“क्रेनवाल्यांची पेन्शन वेगळी असते. धोक्याचं काम म्हणून लवकर देतात.” तो कोपरावर उठू लागला, तिनं खांद्याला हात लावून परत आडवं केलं. “मला क्रेनच पाहिजे होती, डॉक्टरीणबाई. अठरा वर्षांचा होतो. आमच्या गावच्या टेकडीवरून बंदर दिसायचं, ती क्रेन दिसायची, वर एवढंसं केबिन, आणि त्यात एक माणूस, कुणाचं काही ऐकायला लागत नाही. मेडिकल होतं. पाणथरी काढलेली म्हटल्यावर मला गोदामात पोती मोजायला बसवलं असतं. गावच्या कंपाउंडरनं लिहून दिलं, वरवरची जखम. एक टर्की घेतली त्यानं, आणि पाच लिटर राकिया, घरची दारू. मग पुढे बायको भेटली ती बंदराच्याच ऑफिसात, पगारपत्रकावर. तिला कसं सांगणार? आणि तिला नाही सांगितलं तर मुलीला काय सांगणार? गोष्ट चांगली होती, चालून गेली.”

“खरं काय झालं होतं?”

“तेच. तुती, कुंपण. अर्धं खरंच आहे.” तो म्हणाला. “चड्डीचं मी नंतर घातलं.”

झोर्नित्सानं कागदी टॉवेल काढून त्याच्या पोटावरची जेली पुसायला घेतली. हे काम पेपाचं, पण हाताला काही तरी हवं होतं. आणि मग, त्याला काय सांगायचं आणि काय नाही या हिशेबात ती असतानाच, तोच म्हणाला, “ती गाठ पाण्याची नाहीये, मला माहितेय. पाण्याच्या गाठीला कुणाची मुलगी रडत नाही. ती बाथरूममध्ये नळ सोडून रडते. आमच्या बिल्डिंगचा नळ सोडला की पाइप असा हूं करतो, तिसऱ्या मजल्यापर्यंत कळतं. आणि त्या कासवाखालचा शब्द मी खिडकीशी धरून वाचलाय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तिला वाटतं मला माहीत नाही.” त्यानं बनियन खाली ओढलं. “सध्या तेवढंच तिच्या हातात आहे. ते कशाला काढून घ्यायचं?”

त्या अंधाऱ्या खोलीत झोर्नित्सा टॉवेलचा गोळा हातात धरून उभी होती, आणि तिला इतकं स्पष्ट दिसलं, आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसलीय, समोर गाजराची ताटली, काट्यानं एक तुकडा टोचते, तोंडात घालते, झोर्नित्साकडे बघते आणि म्हणते, आज गोड आहे गं. रोज म्हणायची. रोज कसं गोड असेल? पाच महिने आई तिला काही तरी देत होती आणि तिला वाटत होतं आपण आईला देतोय. ती डोळे पुसायला वळली नाही, कारण अंधार होता. ती म्हणाली, “काका, ती कॅन्सरच नसेल कदाचित. कदाचित. नक्की नाही, मी पुन्हा खोटं बोलणार नाही. पण उद्या सकाळी उपाशीपोटी या.” आणि मग तिनं त्याला सांगितलं, फुटलेल्या पाणथरीचे कण कसे रुजतात ते. त्यानं नीट ऐकून घेतलं, यंत्राचं मॅन्युअल ऐकावं तसं, आणि एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे, “इतकी वर्षं तिथेच होतं?”

वर येऊन तिनं रिपोर्ट उघडला आणि दुरुस्ती लिहिली. बटण न दाबता, एकेका अक्षरानं. पाणथरी नाही. आधीच्या अहवालातलं वाक्य चुकीचं, चूक माझी. लिव्हरमधली गाठ पाणथरीचीच असू शकते. सही केली आणि पाठवलं, विभागप्रमुखाला, तोन्चेवला. अजून काहीच सिद्ध झालं नव्हतं. उद्या कॅमेऱ्यात ती जागा काळी राहिली तर हा कागद तिच्या नावानं हॉस्पिटलभर फिरणार होता, आणि तरी गुरुवारी ऑपरेशन होणारच होतं, आणि त्या माणसाला तिनं आशा दाखवून परत काढून घेतलेली असणार होती. त्यापेक्षा काही न सांगणं बरं होतं का? ती त्या दिवशी उरलेली अठ्ठावीस पोटं वाचत बसली. प्रत्येकाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात गेली. प्रत्येक वेळी छातीत काही तरी आवळलं, आणि प्रत्येक वेळी तिथे पाणथरी होती, राखाडी, मुकाट, आपापल्या माणसाची. शेवटच्या दहांना आवळणं जरा कमी झालं. किंवा ती दमली होती.

बुधवारी तळघरात म्हाताऱ्या डॉक्टरनं स्पासच्या दंडातून थोडं रक्त काढलं, त्यात ते सोफियाचं किरणोत्सर्गी औषध मिसळलं आणि नळी कोमट पाण्यात ठेवली, पन्नास डिग्रीच्या किंचित खाली, घड्याळ लावून. इतक्या उबेनं लाल पेशी मरत नाहीत, नुसत्या थकतात. मग त्या त्याच माणसाच्या अंगात परत सोडायच्या. अंगात थकलेल्या पेशींना जवळ घेणारी एकच जागा असते. पाणथरी. जिथे जिथे पाणथरीचा कण असेल, तिथे त्या जाऊन बसतात, आणि कॅमेऱ्याला तेवढंच दिसतं. स्पास कॅमेऱ्याखाली आडवा होता, दोन्ही हात डोक्यावर. झोर्नित्सा काचेपलीकडे उभी. पडद्यावर आधी नुसती धूळ. मग लिव्हरची अंधुक सावली, कारण लिव्हरही थोडं घेतंच. ती त्या सावलीच्या उजव्या बाजूकडे बघत राहिली आणि तिथे काही नव्हतं. दोन मिनिटं, चार मिनिटं. म्हाताऱ्यानं नाक शिंकरलं. मग डावीकडे वर, तिच्या त्या कोपऱ्यात, एक ठिपका आला. मग अजून दोन. बरगड्यांच्या आतून, आतड्यांच्या मधून, एक अगदी खाली ओटीपोटात, जसे डोंगरावरच्या गावात एकामागून एक दिवे लागतात. आणि मग लिव्हरमध्ये. एकच. मोठा, गोल, बाकीच्या सगळ्यांपेक्षा तेजस्वी, नेमका तिथे जिथे तिनं तीन आठवड्यांपूर्वी बाण काढून कॅन्सर लिहिलं होतं.

“घ्या,” म्हातारा म्हणाला. “तुमची पाणथरी. रेशनला वाटल्यासारखी वाटलीय.”

फोटो बघून तोन्चेवनं फोनवर एक शिवी दिली, प्रेमाची, आणि म्हणाला गुरुवारी मग मी मासे धरायला जातो. गाठ तशीच ठेवायची, सहा महिन्यांनी परत बघायची, झालं. झोर्नित्सानं स्पासला पडद्यासमोर बसवून सगळे ठिपके दाखवले. तो चष्मा कपाळावर सरकवून वाकला. प्रत्येक ठिपक्यापाशी बोट नेत होता, काचेला न लावता. “हे सगळं माझंच,” तो म्हणाला, प्रश्न नव्हता तो. मग चष्मा खाली घेऊन म्हणाला, “व्हिओलेताला तुम्ही सांगता का?”

“गाठीचं मी सांगते. पाणथरीचं तुम्ही.”

“तुम्ही सांगितलंत तर बरं पडेल हो. तुम्ही शिकलेल्या आहात.”

“नाही काका.”

कॉरिडॉरमध्ये रांग होती, दहाबारा माणसं, कोट मांडीवर घेऊन. व्हिओलेता उभीच होती. झोर्नित्सा सरळ तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, “कॅन्सर नाहीये.”

“डॉक्टर!” व्हिओलेतानं दचकून तिचा हात धरला आणि बापाकडे बघितलं, त्याला ऐकू तर गेलं नाही ना, आणि मग शब्दाचा उरलेला भाग तिच्यापर्यंत पोचला. तोंड उघडं राहिलं. स्पास पुढे आला, घसा खाकरला, आणि सांगितलं. त्याला नीट सांगता येत नव्हतं. ही गोष्ट त्यानं आधी कधी सांगितलेली नव्हती, त्यामुळे मध्येच कंपाउंडर आला, मग तुती, मग परत मेडिकल, मग टर्की. व्हिओलेता ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल होत चालला होता.

“आईला पण सांगितलं नाहीस?”

“ती पगारपत्रकावर होती गं.”

“आई जाऊन चार वर्षं झाली, बाबा!” तिनं हातमोज्यानं त्याच्या छातीवर मारलं. “अर्धं लिव्हर गेलं असतं तुझं! कशापायी, तर क्रेन!” परत मारलं. “मी फॉर्मवर नाही लिहिलं, नाही, नाही, नाही, चार ठिकाणी सह्या केल्या मी, मूर्खासारख्या!”

“अगं पोरी, मारू नको त्याला,” रांगेतली एक म्हातारी म्हणाली. “आजारी आहे बिचारा.”

“आजारी नाहीये तो!” व्हिओलेता तिच्यावर ओरडली, सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आणि तिचं वाक्य तिलाच ऐकू आलं. ती बाकावर बसली. रांगेतल्या माणसांनी सरकून जागा केली. स्पास तिच्यासमोर उभा राहिला, मोठे हात लोंबत, क्रेनवरून उतरल्यावर जमिनीवर काय करायचं ते न कळल्यासारखा. मग तोही बसला. झोर्नित्सानं जायला हवं होतं, आत पोटं वाट बघत होती, पण ती दाराच्या कडीवर हात ठेवून तिथेच होती.

व्हिओलेतानं बापाच्या कोटाखाली, बनियनवरून, डाव्या बरगडीखाली तळहात ठेवला. ती जागा तिला माहीत होती. लहानपणी त्यावर बोट फिरवून ती खिदळली असेल. आता ती खिदळत नव्हती.

“किती दिवस होतास दवाखान्यात?”

“चोवीस.”

“दुखलं होतं का रे बाबा?”

स्पास काही तरी बोलायला गेला, तोंडाच्या कोपऱ्यात ती जुनी गंमत येऊ लागली, मग गेली.

“खूप,” तो म्हणाला. “खूप दुखायचं. आणि घरच्यांना वर सोडत नव्हते. आई खाली अंगणात उभी राहायची, रोज, संध्याकाळी बस सुटेपर्यंत. मला खिडकीपर्यंत उठता यायचं नाही. नर्स बघून सांगायची, उभी आहे, उभी आहे.”